तळघरातील मोरी वारंवार का तुंबते? दोषशोधनाची पद्धत आणि उपाय

शासकीय कार्यालये, वसतिगृहे, रुग्णालये आणि शाळा यांच्या इमारतींमध्ये जागेच्या टंचाईमुळे तळघरांचा वापर उत्तरोत्तर वाढत गेला आहे. जुने अभिलेख, औषधांचा साठा, धान्य, विजेची मुख्य फळी, पाण्याचे पंप अशा महत्त्वाच्या गोष्टी बहुधा तळघरातच ठेवलेल्या असतात. अशा तळघरातील मोरीतून घाण पाणी उलट वर येण्याचा अनुभव अनेक ठिकाणी येतो. सफाई कामगारास बोलावले जाते, तो बांबूची कामटी घालून वाट मोकळी करतो, पाणी ओसरते आणि काम झाले असे समजून विषय संपविला जातो. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार घडतो. दरवेळी थोडा खर्च पडतो, थोडे दप्तर भिजते, थोडी रोगराई पसरते; पण मूळ दोष शोधला जात नाही.

या दुर्लक्षाची किंमत नेहमीच थोडी असते असे नाही. मैलामिश्रित पाण्यामुळे विषमज्वर, कावीळ आणि अतिसार यांचा प्रसार होतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. अभिलेख एकदा मैलापाण्यात भिजले, की जमिनीच्या हक्काचे वा जन्ममृत्यूचे जुने दाखले पुन्हा मिळविणे दुरापास्त होते. म्हणून इमारतीची जबाबदारी असणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास, मुख्याध्यापकास आणि पंचायत सदस्यास या दोषाची कारणमीमांसा ठाऊक असणे आवश्यक आहे. ती अवघड नाही. मात्र प्रारंभीच एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. मोरी जेथे तुंबलेली दिसते, तेथे दोष बहुधा नसतो. तळघरातील मोरी दोष दाखविते. तो दोष अनेकदा तेथून कितीतरी अंतरावर असतो.

पाणी तळघरातच का येते?

पाणी आपली पातळी शोधते, हा नियम शाळेत शिकविला जातो. एकमेकांस जोडलेल्या नळ्यांपैकी एकीत पाणी चढू लागले, की ते सर्व नळ्यांत सारख्याच उंचीपर्यंत चढते. इमारतीचे सांडपाण्याचे नळ म्हणजे अशाच जोडलेल्या नळ्या होत. त्यांतील सर्वांत खालचे तोंड ज्या ठिकाणी उघडे असेल, तेथून पाणी प्रथम बाहेर पडते. तळघराची मोरी हे इमारतीतील सर्वांत खालचे तोंड होय.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. इमारतीसमोरच्या रस्त्यावरील मॅनहोलच्या झाकणाची पातळी १०० मीटर मानू. रस्त्याखालील मुख्य गटारनळाचा तळ ९७.२० मीटरवर आहे आणि तळघराची फरशी ९७.८० मीटरवर आहे. नित्याच्या परिस्थितीत फरशीवरील पाणी साठ सेंटिमीटरच्या उतारावरून सहज गटारात जाते. आता रस्त्यावरील नळ पुढे कोठेतरी अडला अशी कल्पना करू. मॅनहोलमध्ये पाणी चढू लागते. रस्त्यावर ते दिसण्यासाठी त्यास २.८० मीटर चढावे लागेल. परंतु केवळ ६० सेंटिमीटर चढताच ते तळघराच्या मोरीतून बाहेर येईल. रस्ता कोरडा, मॅनहोलचे झाकण जागच्या जागी आणि तळघरात मात्र घोटाभर पाणी, हे दृश्य त्यामुळेच पाहावयास मिळते.

अशा वेळी मोरीच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबण्याचा उपाय सर्रास केला जातो. वरील उदाहरणात पाणी रस्त्याच्या पातळीपर्यंत चढले तर मोरीच्या तोंडाशी २.२० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब निर्माण होईल. दहा सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर हा भार सुमारे १७ किलोग्रॅम होतो. बोळा तो सहन करू शकत नाही आणि तो निसटला की पाणी एकदम उसळून येते. शिवाय बोळा नळात ओढला गेला तर नवीन अडथळा उत्पन्न होतो, तो निराळाच.

चार प्रश्न

कामटी किंवा यंत्र आणण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. यासाठी कोणतेही साधन लागत नाही. इमारतीत रोज वावरणारा शिपाई किंवा पहारेकरी यांस ही उत्तरे पुष्कळदा आधीच माहीत असतात.

पहिला प्रश्न, पाणी केव्हा येते? सकाळी वरच्या मजल्यांवर स्नानगृहांचा वापर सुरू झाला की येत असेल, तर अडथळा इमारतीच्या स्वतःच्या नळात, वरच्या मजल्यांचा नळ व तळघराचा फाटा यांच्या संगमाच्या पुढे आहे. इमारत बंद असताना, रविवारी किंवा रात्रीही येत असेल, तर पाणी बाहेरून म्हणजे रस्त्यावरील गटारातून येत आहे. केवळ पावसातच येत असेल, तर पावसाचे पाणी मैलागटारात शिरत आहे. पाऊस थांबल्यानंतरही अनेक दिवस फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपत राहिले, तर तो मोरीचा दोष नसून भूजलाची पातळी वाढल्याचे ते लक्षण आहे.

दुसरा प्रश्न, पाणी कसले आहे? साबणाचा फेस असलेले करडे पाणी स्नानगृहाचे, तेलकट व अन्नकण असलेले पाणी स्वयंपाकघराचे, दुर्गंधीयुक्त काळपट पाणी शौचालयाचे किंवा साचलेल्या गटाराचे असते. मातकट पण दुर्गंधी नसलेले पाणी बहुधा पावसाचे किंवा भूजलाचे असते.

तिसरा प्रश्न, एकच मोरी तुंबते की अनेक? एकच तुंबत असून त्याच मजल्यावरील इतर मोऱ्या नीट वाहत असतील, तर दोष त्या मोरीच्या जाळीत, ट्रॅपमध्ये किंवा तिच्या फाट्यात आहे. सर्व मोऱ्या एकाच वेळी भरत असतील, तर दोष पुढच्या सामाईक नळात आहे.

चौथा प्रश्न, पाणी कसे ओसरते? कोणी काही न करता ते दोन-तीन तासांत सावकाश उतरत असेल, तर नळ पूर्ण बंद नसून अरुंद झालेला आहे किंवा पुढचे गटार काही वेळ भरून वाहत आहे. ते मुळीच उतरत नसेल, तर नळ पूर्ण अडलेला आहे.

ही उत्तरे तारीख व वेळ घालून पंधरा दिवस एका वहीत लिहून ठेवली, तर निम्मे निदान त्या वहीतच सापडते.

चेंबरमागून चेंबर

यानंतर प्रत्यक्ष तपासणीकडे वळावे. इमारतीच्या आवारात नळाच्या प्रत्येक वळणावर व संगमावर तपासणीचे चेंबर असणे अपेक्षित असते. इमारतीपासून रस्त्याच्या दिशेने एकेका चेंबरचे झाकण उघडत जावे. झाकण उघडल्यावर काही वेळ वायू निघून जाऊ द्यावा. आत डोकावू नये व जवळ विडी-काडी पेटवू नये. एक चेंबर भरलेले आणि त्याच्या पुढचे कोरडे आढळले, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे, हे निश्चित समजावे. सर्व चेंबर भरलेले असतील व रस्त्यावरील मॅनहोलही भरलेले असेल, तर दोष सार्वजनिक गटारात आहे. आवारातील नळ कितीही वेळा साफ केला तरी उपयोग होणार नाही. नगरपरिषदेकडे लेखी तक्रार नोंदविणे हाच तेव्हा योग्य मार्ग होय.

चेंबर कोणत्या नळाचे आहे याविषयी शंका असल्यास बादलीभर पाण्यात रंग कालवून ते वरच्या मोरीत ओतावे आणि कोणत्या चेंबरमध्ये प्रकट होते ते पाहावे. जुन्या इमारतींचे नकाशे अनेकदा उपलब्ध नसतात. या साध्या प्रयोगातून नवा नकाशा तयार करता येतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या आवाराचा असा नकाशा करवून घेतल्यास जलपातळीचा नियमही आपोआप समजेल. झाकणे उघडण्याचे काम मात्र विद्यार्थ्यांकडे सोपवू नये.

नळ साफ केल्यानंतर तो सरळ व मोकळा आहे की नाही, हे आरशाने पाहता येते. एका चेंबरमध्ये दिव्याचा प्रकाश सोडून दुसऱ्या चेंबरमध्ये वरूनच आरसा धरावा. प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसले तर नळ सरळ आहे. वर्तुळ अर्धवट दिसले तर नळ मध्ये खचला आहे किंवा त्यात गाळ राहिला आहे. नळाच्या व्यासाहून किंचित लहान चेंडू वरच्या टोकाकडून पाण्याबरोबर सोडून तो खालच्या चेंबरमध्ये पोहोचतो का, हे पाहण्याचीही रीत आहे. मोठ्या शहरांतून आता नळात कॅमेरा सोडून पाहणी करण्याची सोय झाली आहे. पण लहान गावी आरसा व चेंडू यांनी बरेचसे काम भागते.

नळात आढळणारे दोष

अडथळ्यांची कारणे बहुतांशी ठरावीक असतात. स्वयंपाकघरातील तेल व तूप थंड होऊन नळाच्या आतून थर धरते, आणि भांडी घासण्याची राख व माती त्यात मिसळून तो थर दगडासारखा कठीण होतो. कापडाच्या चिंध्या, सॅनिटरी पॅड आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या संगमाच्या कोपऱ्यात अडकतात. चिनीमातीच्या जुन्या नळांच्या सांध्यांतून पिंपळ, वड व उंबर यांची मुळे आत शिरतात आणि जाळ्यासारखी पसरून प्रत्येक वाहती वस्तू धरून ठेवतात. मुळे एकदा कापल्याने हा दोष जात नाही. सांधा उघडाच असल्याने मुळे पुन्हा येतात; तेवढा भाग बदलणे भाग पडते.

दुसरा दोष उताराचा. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळास साधारणतः ६० मीटरला एक मीटर आणि १५० मिलिमीटर व्यासाच्या नळास १०० मीटरला एक मीटर इतका उतार द्यावा लागतो. उतार कमी पडला की पाणी निघून जाते आणि घन पदार्थ मागे राहतात. नळाखालची भरावाची माती नीट धुमसलेली नसेल तर काही वर्षांनी नळ मध्येच खचतो आणि तेथे कायमचे डबके तयार होते. एकाच ठिकाणी वारंवार अडथळा येत असेल, तर कामटीचा नाद सोडून पाणसळीने उतार तपासला पाहिजे.

तिसरा दोष मोरीच्या ट्रॅपचा. ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाणी नेहमी उभे राहून गटारातील वायू अडविते. तळघराची मोरी क्वचित वापरली जात असल्याने हे पाणी सुकते व दुर्गंधी पसरते. तुंबल्याची समजूत होऊन अशा ठिकाणी निष्कारण खोदकाम होते. वास्तविक आठवड्यातून एकदा एक तांब्या पाणी ओतणे पुरेसे असते.

अडथळा काढण्यासाठी तेजाब ओतण्याची चाल धोकादायक आहे. विशेषतः ब्लीचिंग पावडर व तेजाब एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो आणि तळघरासारख्या कोंदट जागी तो प्राणघातक ठरू शकतो.

कायमचे उपाय

निदान झाल्यावर उपाय दोषानुरूप करावा. स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी तेल अडविणारे लहान चेंबर बांधणे, गच्चीचे पावसाळी नळ मैलागटारातून काढून वेगळ्या गटाराकडे वळविणे, काटकोनात जोडलेले संगम प्रवाहाच्या दिशेने वळवून घेणे, ही कामे अल्प खर्चाची असून त्यांचा लाभ मोठा असतो.

परंतु तळघराची फरशी रस्त्यावरील मॅनहोलच्या झाकणाहून खाली असेल, तर केवळ सफाईने प्रश्न कायमचा सुटणार नाही. आज ना उद्या रस्त्यावरील गटार भरेल आणि पाणी तळघरात येईल. अशा ठिकाणी दोन मार्ग आहेत. पहिला, तळघराच्या फाट्यावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसविणे. ही झडप संपूर्ण इमारतीच्या सामाईक नळावर बसवू नये. गटार भरल्यावर ती मिटते, आणि वरच्या मजल्यांच्या सांडपाण्यास बाहेर वाट न मिळाल्याने तेच तळघरात उतरते. झडपेत चिंधी अडकल्यास ती पूर्ण मिटत नाही, म्हणून ती सहज उघडून पाहता येईल अशा चेंबरमध्ये असावी.

दुसरा व अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे तळघराच्या मोरीचा गटाराशी असलेला थेट संबंध तोडणे. तळघराचे पाणी एका झाकणबंद संपमध्ये गोळा करावे व पंपाने वर उचलून गटारात सोडावे. पंपाचा नळ आधी रस्त्याच्या पातळीहून वर नेऊन मगच चेंबरकडे उतरवावा, म्हणजे गटाराचे पाणी त्या नळातून परत येऊ शकत नाही. पंप दोन असावेत. अतिवृष्टीत वीज जाण्याचा संभव सर्वाधिक असल्याने पर्यायी विजेची सोयही असावी. विजेची फळी व अभिलेखांची कपाटे फरशीपासून पुरेशा उंचीवर ठेवावीत. फरशीवर पाणी असताना वीजपुरवठा बंद केल्याखेरीज कोणीही तळघरात उतरू नये.

अतिवृष्टी आणि भरती

जे एका इमारतीत घडते, तेच मोठ्या प्रमाणावर शहरातही घडते. मुंबईची जुनी पर्जन्यजल गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती. त्यांची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली समुद्रात उघडत असल्याने भरतीच्या वेळी पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येऊ पाहते. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता वाढविण्याची शिफारस केली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि या दुर्लक्षाचे परिणाम सर्वांना भोगावे लागले. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या आपत्तीची कारणे तपासली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध येथील उदंचन केंद्रांत अवलंबिलेले तत्त्व तळघरातील संप व पंपाचेच आहे. जेथे उतार पुरत नाही, तेथे दार मिटून पाणी उचलून टाकावे लागते.

तळघराचा उपयोग कशासाठी करावा, हा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतील ओल्ड राजिंदर नगर भागात एका शिकवणी संस्थेच्या तळघरातील ग्रंथालयात रस्त्यावरील पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. बाहेरचे पाणी तळघरात शिरू नये अशी पुरेशी व्यवस्था असावी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. जेथे मोरी वारंवार उलटते, तेथे माणसांच्या बैठकीची वा अभ्यासाची जागा तळघरात ठेवणे सर्वथा अयोग्य होय.

गावातील शौचालये आणि सेप्टिक टँक

ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात तळघरे थोडी असली, तरी शाळा व अंगणवाड्यांच्या शौचालयांतून पाणी उलट येण्याची तक्रार नवीन नाही. तेथेही नियम तोच आहे. सेप्टिक टँकमध्ये पाणी येण्याचा नळ बाहेर जाणाऱ्या नळाहून सुमारे ५० मिलिमीटर वर असला पाहिजे. गवंड्याच्या नजरचुकीने ही पातळी उलटी झाल्यास शौचालय पहिल्या दिवसापासून तुंबते. टँक दोन ते तीन वर्षांत उपसला नाही तर गाळ पुढे जाऊन शोषखड्डा बुजवितो. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते आणि पावसाळ्यात तर जवळजवळ मुरतच नाही. म्हणून शोषखड्ड्याची जागा व आकार ठरविताना जमिनीची परीक्षा आधी करून घ्यावी. विहीर किंवा हातपंप यांपासून तो पुरेसा दूर असावा, हे वेगळे सांगावयास नको.

माणसास गटारात उतरवू नये

या विषयातील सर्वांत गंभीर बाब अखेरीस मांडणे आवश्यक आहे. मोरी तुंबली की घाईघाईने एखाद्या कामगारास चेंबरमध्ये किंवा टँकमध्ये उतरविले जाते. तेथे साचलेला हायड्रोजन सल्फाइड वायू हवेहून जड असतो. थोड्या प्रमाणात त्यास कुजक्या अंड्यांचा वास येतो. पण प्रमाण वाढले की वास ओळखण्याची शक्तीच नष्ट होते. वास येत नाही म्हणून जागा सुरक्षित आहे, असे समजणे यामुळेच घातक ठरते. पहिला कामगार कोसळल्यावर त्यास वाचविण्यास उतरलेला दुसरा व तिसराही दगावतो, असे वारंवार घडले आहे.

हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय अधिनियमानुसार संरक्षक साधनांवाचून गटार वा सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई करवून घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंबद्दल दहा लाख रुपये भरपाई ठरविली होती. ती २०२३ मध्ये तीस लाख करण्यात आली. परंतु भरपाईने घरचा कर्ता माणूस परत येत नाही. काम कामटीने, दाबाच्या पाण्याने किंवा उपसा यंत्राने बाहेरूनच झाले पाहिजे. ठेकेदाराने माणूस उतरविण्याची तयारी दाखविली, तर काम तेथेच थांबविणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य होय.

देखभालीची शिस्त

प्रत्येक सार्वजनिक इमारतीसाठी सांडपाण्याची एक नोंदवही असावी. तीत नळांचा नकाशा, चेंबरांची स्थाने, तळघर व रस्ता यांच्या पातळ्या, आणि प्रत्येक वेळी कोठे काय सापडले याची नोंद असावी. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीपूर्वी सर्व चेंबर उघडून पाहावेत, झडप व पंप चालवून पाहावेत आणि गच्चीचे नळ कोठे जातात याची खात्री करून घ्यावी. अधिकारी बदलून गेले तरी नोंदवही इमारतीत राहते आणि नव्या अधिकाऱ्यास पहिल्यापासून शोध घ्यावा लागत नाही.

मोरी पुन्हा पुन्हा तुंबते याचा अर्थ ती पुन्हा पुन्हा साफ करावयाची आहे असा नव्हे. दोष अद्याप सापडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. तो शोधण्यास थोडे निरीक्षण, एक आरसा आणि एक वही लागते. एवढे केल्याने अभिलेख सुरक्षित राहतील, रोगराईस आळा बसेल आणि कोणाही कामगाराचा जीव आपल्या इमारतीच्या चेंबरमध्ये धोक्यात येणार नाही.